शिक्षा संपते त्या दिवसापासून

मराठी वाचकाला तुरुंग चांगला ओळखीचा आहे, पण तो एका विशिष्ट प्रकारच्या माणसाचा तुरुंग. लोकमान्यांनी मंडालेच्या कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून काढले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ही माणसे सुटून येत तेव्हा स्वागताला गाव लोटत असे. त्यांना सुधारण्याचा प्रश्नच नव्हता. बदलायची होती ती राजवट. पण त्याच भिंतींच्या आत, पलीकडच्या बराकीत, चोरीच्या, दरोड्याच्या, खुनाच्या गुन्ह्यांत आलेली माणसेही होती. ती केव्हा सुटली, सुटून कुठे गेली, पुन्हा आत आली की नाही, याची विचारपूस आपल्याकडे फारशी झाली नाही.

पुढची पाने त्या दुसऱ्या माणसाविषयी आहेत. गुन्हा केलेला माणूस गुन्हा करायचे थांबतो कसा, कशाने थांबतो, आणि थांबू पाहणाऱ्याला कोण आडवे येते, एवढाच या पुस्तकाचा विषय. तो छोटा वाटतो. प्रत्यक्षात पोलीस ठाणे, कोर्ट, कारागृह, बँक, भाड्याची खोली, गावची पंचायत आणि घरातले स्वयंपाकघर या सगळ्यांतून तो जातो.

सुरुवात माणदेशातून करायला हवी. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वस्ती आहे. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून ओळखली जाते. १९३९ साली ती वसली तेव्हा आटपाडी हा औंध संस्थानाचा तुटक मुलूख होता. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी आणि चित्रकलेसाठी महाराष्ट्राला माहीत आहेत. पण त्यांचे सर्वांत धाडसी काम वेगळेच होते. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना स्वीकारून कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. या कामात त्यांच्यासोबत राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि मॉरिस फ्रीडमन होते.

फ्रीडमन हे वॉर्साचे पोलिश ज्यू इंजिनिअर. म्हैसूर संस्थानच्या नोकरीसाठी बंगळूरला आले, रमण महर्षी आणि गांधीजी यांच्या सहवासात राहिले, संन्यास घेऊन भारतानंद झाले. (मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, ते इंग्रजीत आणून जगभर पोचवणारे फ्रीडमन हेच.) त्यांनी राजेसाहेबांकडे मागणी केली ती अशी, की गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना बेड्यांशिवाय, भिंतीशिवाय, उघड्या माळावर राहू द्यावे आणि कसायला जमीन द्यावी. राजेसाहेबांनी ती मान्य केली. संस्थान छोटे होते, तिजोरी त्याहून छोटी, आणि माणदेश तर पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचा. अशा ठिकाणी, अशा वेळी हा निर्णय झाला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे सांगितली जायला हवी होती तेवढी सांगितली गेली नाही.

स्वतंत्रपूरचे खरे वैशिष्ट्य भिंत नसण्यात नाही. इथे कैदी बायकामुलांसह राहतो. शिक्षेचा काही काळ बंद कारागृहात चांगल्या वर्तणुकीने काढलेल्या बंद्याला इथे पाठवतात. तो शेतात राबतो, मुले शाळेत जातात, संध्याकाळी हजेरी होते आणि घरात चूल पेटते. म्हणजे शिक्षा चालू असतानाच संसार चालू राहतो. सुटकेच्या दिवशी त्याला अनोळखी जगात पाऊल टाकावे लागत नाही, कारण ते जग त्याच्यापासून तोडलेलेच नसते.

या माळावरच्या प्रयोगाची गोष्ट देशभर पोचली ती सिनेमामुळे. आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळ पिकवणारा जेलर आदिनाथ स्वतः शांताराम यांनी उभा केला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. वसंत देसाईंनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते, आणि ती म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना ती खुनी कैद्यांच्या तोंडी घातलेली आहे हे माहीत नसते.

चित्रपट मोठा आहे, आणि त्याच्या मोठेपणामुळेच एक समज घट्ट बसला. कैदी सुधारतो तो जेलरच्या दोन डोळ्यांनी, एका थोर माणसाच्या नजरेच्या धाकाने आणि मायेने, असा तो समज. त्याच चित्रपटात दुसरी गोष्टही आहे, आणि ती अधिक खरी आहे. कैद्यांनी पिकवलेली भाजी बाजारात स्वस्त विकली जाऊ लागते तेव्हा उलटतो तो बाजारातला व्यापारी. कैदी बदललेले असतात. बाजार त्यांना सामावून घ्यायला तयार नसतो. आदिनाथसारखा माणूस दर कारागृहाला मिळणार नाही आणि मिळाला तरी त्याची बदली होईल. जमीन, घर आणि बाजारात बसण्याची जागा या गोष्टी मात्र धोरण म्हणून देता येतात. स्वतंत्रपूर ज्या कारणाने चालले ते कारण हे आहे, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

याला पुरावा हवा, आणि तो सातासमुद्रापलीकडच्या एका तळघरातून आला. स्वतंत्रपूर वसत होते त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातले शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक हे दांपत्य बॉस्टन परिसरातल्या ५०० बालगुन्हेगारांचा अभ्यास हाती घेत होते. मुलांचे घर, शाळा, शेजार, तब्येत, सगळ्यांच्या नोंदी झाल्या आणि पुढे त्या हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून राहिल्या. १९८० च्या दशकात जॉन लाउब यांना ती खोकी सापडली. लाउब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी त्या मुलांचा माग पुन्हा काढला. मुले आता म्हातारी झाली होती. सत्तरीपर्यंतचा त्यांचा हिशेब जुळवला गेला आणि त्यातल्या ५२ जणांशी सविस्तर बोलणे झाले. १९९३ आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पुस्तकांत त्यांनी जे मांडले ते ऐकून अनेक न्यायाधीश आणि पोलीस अधिकारी थबकले असतील. लहानपण कसे गेले यावरून कोण आयुष्यभर गुन्हे करत राहील हे सांगता येत नव्हते. जवळजवळ सगळेच कधी ना कधी थांबले होते. लवकर थांबले ते कशाने? सैन्यातली भरती, टिकून राहिलेली नोकरी, आणि जिच्याशी मनापासून जुळले अशी बायको.

यांतली एकही गोष्ट कारागृहात मिळत नाही.

त्यांच्या कामातून दुसरी गोष्ट स्पष्ट होते ती वयाची. गुन्ह्यांचे प्रमाण ऐन तारुण्यात चढते आणि नंतर उतरत जाते, हे जगात जवळपास सगळीकडे दिसले आहे. माणसे पोक्त होतात, थकतात, त्यांच्या मागे जबाबदाऱ्या लागतात. ज्या वयात माणूस आपणहून थांबला असता ते वय त्याला कोंडून घालवायला लावायचे आणि ज्या वयात कोणी कामावर घेत नाही त्या वयात बाहेर सोडायचे, असे लांबलचक शिक्षांचे गणित अनेकदा होऊन बसते.

ब्रिटनमधल्या लिव्हरपूल शहरात शॅड मारुना यांनी निराळ्या बाजूने शोध घेतला. सारख्याच परिस्थितीतून आलेली, सारखेच गुन्हे केलेली माणसे. त्यांतली काही थांबलेली, काही न थांबलेली. दोघांनाही त्यांनी आपापली जीवनकथा सांगायला लावली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष असा, की न थांबलेली माणसे स्वतःला नशिबाने बांधलेली समजत होती. थांबलेल्यांच्या कथेत मात्र ‘मी मुळात वाईट नव्हतो’ असा धागा होता. आपल्यावर विश्वास टाकणारे कोणीतरी होते. आणि भोगलेल्या दिवसांचा कोणाला तरी उपयोग व्हावा, निदान दुसऱ्या पोराने या वाटेला जाऊ नये, ही इच्छा होती. मायलेकरे, पाद्री, शिक्षक, कधी एखादा तुरुंग कर्मचारी: विश्वास टाकणारा कोणीही असू शकतो. पण कोणीतरी असावे लागते.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. नारद एक प्रश्न विचारतात, घरचे पापात वाटा घ्यायला नकार देतात, आणि वाल्या पालटतो. कथा म्हणून ती थोर आहे. प्रत्यक्षात मात्र बदल असा एका दिवसात होत नाही. माणूस चार महिने नीट राहतो, जुना मित्र भेटतो, घसरतो, पुन्हा उठतो. प्रत्येक घसरणीला ‘हा सुधारणारच नव्हता’ म्हणून बोट दाखवणारी व्यवस्था त्या चार महिन्यांची किंमत पुसून टाकते. आणि घरच्यांनी पाठ फिरवणे हे इथे पालटण्याचे कारण नसते, बहुधा पुन्हा बिघडण्याचे असते.

अशा संशोधनाला उलट दिशेनेही वापरले गेले आहे, आणि ती हकिगत विसरण्यासारखी नाही. १९७४ साली रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने कैद्यांच्या सुधारणेचे प्रयत्न तपासणाऱ्या २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन एक लेख लिहिला. कशाचाच फारसा उपयोग होत नाही, असा त्याचा अर्थ अमेरिकेत लावला गेला. राजकारण्यांना तो फार सोयीचा होता. सुधारणेवरचा खर्च कमी करून शिक्षा लांबवण्याच्या मागणीला शास्त्राचा आधार मिळाला. पाच वर्षांनी, १९७९ साली मार्टिन्सन यांनी आपले मत जाहीरपणे मागे घेतले; काही उपक्रमांचा स्पष्ट फायदा होतो असे त्यांनी लिहिले. ते फारसे कोणी वाचले नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत सुमारे दोन लाख कैदी होते. २००९ च्या सुमारास ते पंधरा लाखांवर गेले. याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांत एका लेखाचा वाटा ठरवणे अवघड आहे. पण ‘माणूस बदलत नाही’ हे वाक्य सरकारच्या धोरणात शिरले की किती भिंती बांधाव्या लागतात, हे त्या देशाने पाहिले.

आता भारताकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कारागृहांची क्षमता होती ४,३६,२६६ आणि आत होती ५,७३,२२० माणसे. त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे दर चारातली तीन, न्यायाधीन होती. कारागृहाच्या बोलीत ते ‘कच्चे कैदी’: खटला चालू, निकाल नाही. सुधारणा आणि पुनर्वसन हे महाराष्ट्राच्या कारागृह व सुधारसेवा विभागाचे ब्रीद आहे, पण शिकवणी, कामधंद्याचे प्रशिक्षण, खुले कारागृह हे सारे मुख्यतः शिक्षा लागलेल्या ‘पक्क्या’ कैद्यांसाठी. कच्चा कैदी वर्षदोन वर्षे रिकाम्या हाताने बसतो. निर्दोष सुटला तरी तोपर्यंत त्याची नोकरी गेलेली असते, खोलीचे भाडे थकलेले असते, मुलाची शाळा सुटलेली असते. ज्या धाग्यांनी माणूस गुन्ह्यापासून दूर बांधला जातो तेच धागे, गुन्हा सिद्ध होण्याआधीच, तुटतात.

म्हणून पुनर्वसनाचा विचार कारागृहाच्या फाटकापासून सुरू करणे हीच उशिराची सुरुवात आहे. माणूस आत जाण्याआधी कायद्याने एक मार्ग ठेवलेला आहे आणि तो बराच जुना आहे. मुंबई प्रांताने १९३८ मध्येच परिविक्षेचा कायदा केला होता; देशासाठी १९५८ चा अपराधी परिविक्षा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमाखाली कोर्ट आरोपीला दोषी ठरवूनही तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, हवे तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. सहावे कलम त्याहून पुढे जाते: आरोपी २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर तुरुंगवास द्यायचा झाल्यास कोर्टाला कारणे नोंदवावी लागतात. बाराव्या कलमाप्रमाणे अशा सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. साठहून अधिक वर्षांपूर्वी एवढे समजूतदार लिहून ठेवलेले असताना आपल्या कोर्टांत तो कायदा अपवादासारखा वापरला जातो. वकील अर्ज करत नाहीत, अधिकाऱ्यांची पदे अपुरी असतात, आणि ‘सोडून दिले’ या टीकेची धास्ती सगळ्यांनाच असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच आली. पाच हजार रुपयांखालची पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गोंधळ, अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी. त्याच दिवशी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला, काही गंभीर गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामिनाचा हक्क दिला. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. सामुदायिक सेवेवर देखरेख करणारा माणूस नेमला नाही, तर मात्र पहिले पाऊल कागदावरच राहील.

ज्यांना शिक्षा भोगावीच लागते त्यांच्यासाठी राजस्थानातले सांगानेर पाहावे. जयपूरजवळच्या या खुल्या बंदिवासाची सुरुवात १९६३ साली राज्यपाल संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने झाली आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इथले बहुतेक बंदी खुनाच्या गुन्ह्यातले, जन्मठेपेचे. ते कुटुंबासह राहतात, सकाळी शहरात कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. आतला कारभार त्यांचीच बंदी पंचायत पाहते. सरकार त्यांना पोसत नाही. ते स्वतः कमावून घर चालवतात. स्वतंत्रपूरचीच ही मोठी आवृत्ती आहे, फक्त शेतीच्या जागी शहरातला रोजगार. महाराष्ट्रातही येरवडा, पैठण इथे खुली कारागृहे आहेत, पण तिथे बंदी एकटा राहतो. कुटुंबासह राहण्याची सोय देणारी स्वतंत्रपूरची वसाहत मात्र २८ जणांच्या क्षमतेची आहे. आठ दशकांहून अधिक काळ चाललेला, जगाने पडद्यावर पाहून टाळ्या वाजवलेला प्रयोग २८ वर थांबावा, याचे समाधानकारक कारण कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

भिंतीच्या आत काही होत नाही असे मात्र नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातून निघालेली साधना १९९४ साली किरण बेदींच्या कार्यकाळात तिहारमध्ये हजारावर कैद्यांनी एकाच वेळी केली. महाराष्ट्रात ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम आहे: एरवी मुलाखतीच्या जाळीपलीकडून दिसणाऱ्या मुलांना बंद्याला जवळ घेता येते. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. बंद्याला तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय ५० हजारांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, फेड कारागृहातल्या त्याच्या मजुरीतून. पैसा जातो घरी: मुलीच्या शिक्षणाला, आईच्या औषधाला, वकिलाच्या फीला. योजना छोटी दिसते, पण तिच्यामुळे आत असलेला माणूस घरातला कर्ता राहतो. संचित रजेवर घरी गेलेल्याला दारात कसे घेतले जाईल हे अशाच गोष्टींवर ठरते. बायकांची स्थिती याहून बिकट. पुरुष आत गेला तर पत्नी डबा घेऊन मुलाखतीला येते. बाई आत गेली तर अनेकदा कोणीच येत नाही, आणि सुटल्यावर तिला घरही उरत नाही.

मग सुटकेचा दिवस येतो. रेशनकार्डावरून नाव कमी झालेले असते, मोबाइल नंबर बंद, बँक खाते निष्क्रिय. खोली मागायला गेले तर अनामत आणि पोलीस पडताळणी. वॉचमनची, ड्रायव्हरची, कंपनीतली नोकरी मागायला गेले तर पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र. ब्रिटनने १९७४ सालीच कायदा करून ठरावीक मुदत स्वच्छ गेल्यावर बहुतेक जुन्या शिक्षा ‘संपलेल्या’ मानल्या. मग नोकरीच्या अर्जात त्या एरवी सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. विशीत झालेली शिक्षा पन्नाशीतही कागदावर ताजी राहते.

त्यात भर तडीपारीची. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर घालवता येते, आणि निवडणुका, सणवार आले की अशा आदेशांच्या याद्या वर्तमानपत्रांत झळकतात. तडीपार माणसाला घर सोडावे लागते, काम सोडावे लागते, ओळखीची माणसे सोडावी लागतात. बॉस्टनच्या त्या मुलांना ज्या गोष्टींनी सावरले त्या सगळ्या सरकारी हुकमाने एका दिवसात काढून घेतल्या जातात. हा असाधारण उपाय आहे आणि तो जपूनच वापरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावले आहे.

काहींच्या वाट्याला हा शिक्का गुन्हा न करताच येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांच्या पिढ्या गेल्या. तीच माणसे गिरण्यांत घाम गाळत आणि हजेरी चुकली तर शिक्षा भोगत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. पण त्याच्या जागी ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुठे चोरी झाली की पोलीस कोणत्या झोपडीत शिरतात, ते मराठी मध्यमवर्गाला त्या पुस्तकाने दाखवले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृहांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवरही बोट ठेवले. ज्याला सोडण्यासाठी काही नव्हतेच त्याच्याकडून ‘सुधारणे’ची मागणी करणे हा अन्याय आहे. त्याला हवी आहे पाठलागापासून सुटका.

इथे ज्यांचे नुकसान झाले त्यांची बाजू यायलाच हवी. ज्या घरात खून झाला, जिच्यावर अत्याचार झाला, तिला आरोपीच्या पुनर्वसनाचे कौतुक ऐकवणे क्रूरपणाचे आहे. सुधारणा म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा करायची की नाही हा ज्याचा त्याचा हक्क. आणि सुधारणेच्या भाषेचा गैरवापर होतो हेही मान्य करायला हवे. गुजरातमधल्या बिल्किस बानो प्रकरणातल्या ११ दोषींना १५ ऑगस्ट २०२२ रोजी माफी देऊन सोडण्यात आले. खटला मुंबईत चालला असल्याने माफीचा अधिकार गुजरातला नव्हता, म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. तुरुंगाबाहेर त्या माणसांचे हार घालून स्वागत झाले होते. ज्यांना कृत्याचा पश्चात्ताप नाही आणि ज्यांच्या पाठीशी सत्ता आहे त्यांना सोडणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. नियम सर्वांना सारखे, कारणे लेखी, पीडितेचे म्हणणे ऐकलेले, एवढे असेल तरच माफीवर लोकांचा विश्वास बसेल. ज्या गरीब बंद्याची माफीची फाइल वर्षानुवर्षे टेबलावर पडून असते, त्याचे सर्वांत मोठे नुकसान अशाच मेहेरबान्यांनी होते.

पीडितांचा विचार केला तरी उत्तर पुन्हा त्याच दिशेला जाते. जन्मठेपेचे बहुतेक कैदीही कधीतरी सुटतात. सुटलेला माणूस कोणत्या अवस्थेत आपल्या शेजारी येऊन राहणार आहे, हा प्रश्न कारागृहाच्या खात्यापुरता नाही. पुढे ज्याच्या घरात चोरी होईल किंवा होणार नाही, त्याचाही तो आहे.

हे काम कोण करते? मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून करतो आहे. त्याचे सामाजिक कार्यकर्ते कारागृहात आणि पोलीस ठाण्यांत जाऊन कच्च्या कैद्यांना वकील, जामीन, घरच्यांशी संपर्क मिळवून देतात आणि सुटलेल्यांना विद्यावेतन देऊन कामाचा अनुभव मिळवून देतात, म्हणजे पुढच्या अर्जात मधली रिकामी वर्षे दाखवायला काहीतरी असते. अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात असा एक प्रशिक्षित कार्यकर्ता, प्रत्येक जिल्ह्यात पुरेसे परिविक्षा अधिकारी, आणि प्रत्येक महसूल विभागात स्वतंत्रपूरसारखी एक वसाहत, हा खर्च नवे मध्यवर्ती कारागृह बांधण्यापुढे मोठा नाही.

वाचकांत कारखानदार असतील, सहकारी संस्थांचे संचालक असतील, हॉटेल, गॅरेज, बेकरी चालवणारे असतील. त्यांच्याकडे एक मागणे आहे. आपल्या जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्याला किंवा कारागृहाच्या अधीक्षकांना भेटा. आपल्याकडे किती जागा आहेत आणि कोणत्या कामासाठी, ते लेखी द्या. ज्याची शिक्षा पूर्ण झाली आहे अशा एका माणसाला इतरांइतक्याच पगारावर कामावर घ्या, आणि त्याचा जुना खटला कामाच्या जागी चर्चेचा विषय होऊ देऊ नका.